दोन रिळांची आत्या

पेनसिल्व्हेनियातलं कोळशाचं गाव, शनिवारची रात्र,
पाच सेंटांचं तिकीट, पाठ नसलेले बाक.
पडद्याखाली मिस प्यू
एक पट्टी मुकी असलेला पियानो बडवत असायची.
आम्ही एका रांगेत: बाबा, आई, तिच्या मांडीवर युर्को,
आणि मी, वेरोना, नऊ वर्षांची,
घरात इंग्रजी वाचणारी एकटीच.

पडद्यावर मिस्टर पिंकल. मिशी अशी, की
खार नाकाखाली शेपूट विसरून गेलीय.
बायकोनं बजावलेलं:
नेब्रास्काहून माझी आत्या येतेय. गडगंज आहे. बहिरी आहे.
तिला काही कमी पडता कामा नये.
पिंकलनं आत्याला जन्मात पाहिलेलं नाही.
दार वाजतं. दारात धोबीण, मळके कपडे न्यायला आलेली.
झालं!
पिंकल कमरेत असा वाकतो
की त्याची हॅट तिच्या बादलीत.
तिला मखमली खुर्ची, पायाखाली उशी, हातात केक.
आणि मागून खरी आत्या येते, फरच्या कोटात,
तिला मागच्या दारानं आत घेऊन
हातात साबणाची वडी देतो.

पाट्या मी वाचायची, आमच्या भाषेत, कुजबुजत,
निम्म्या हसण्यात गिळायची.
अख्खं थिएटर बाकांवरून घसरत होतं,
वेल्श, पोलिश, आयरिश, सगळ्यांच्या छातीत तीच काळी धूळ,
हसू कुठलं नि खोकला कुठला, कळत नव्हतं.

आई हसली नाही.
आत्या फेसात उताणी पडली तेव्हाही नाही.
ती त्या खुर्चीकडे बघत होती.
धोबीण केक खात होती. सावकाश.
"बघ," आई म्हणाली, "कुणी तिला उठवत नाहीये."
आईचे हात सोड्यानं फुटलेले.
सोमवारी कंपनीच्या साहेबांचे बारा सदरे होते.

मग पोलीस आला. येतोच.
पिंकलची मानगूट धरली, आणि पाटी झळकली:
"नाव सांग. खरं नाव."
मी वाचलं. जरा मोठ्यानंच.
बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

आता सांगायला हरकत नाही, सगळी मातीआड झालीत.
खाणीच्या हजेरीपटावर बाबा श्तेफान होते.
श्तेफान त्यांचा थोरला भाऊ.
त्यानं बोटीचं तिकीट काढलं, कागद केले,
आणि निघायच्या आठवड्यात तापानं गेला.
कागद कशाला वाया घालवायचे, आजोबा म्हणाले.
तेव्हापासून रोज पहाटे मेलेल्या भावाच्या नावाला
बाबा "हजर" म्हणायचे.
पगाराच्या पाकिटावर श्तेफान, चर्चच्या वहीत श्तेफान.
आई तेवढी, दिवा विझल्यावर, "मातूश" म्हणायची,
आणि लहानपणी मला वाटायचं
आमच्याकडे अंधारात कुणी दुसराच माणूस येतो.

पडद्यावर शेवटी उलगडा झाला, दीड मिनिटात.
आत्या हसली, पिंकलचा पापा घेतला.
धोबीण केव्हाच दाराबाहेर.
बादलीत हॅट तशीच.

घरी जाताना रस्ता गोठलेला.
फोरमनच्या घरासमोर बाबांचा पाय सटकला,
थेट पिंकल! दोन्ही बूट आभाळाकडे, टोपी गटारात,
आणि आई भर रस्त्यात किंचाळली: "मातूश!"

खिडकी उघडली. कंदील बाहेर आला.
"कोण पडलं रे?"
आम्ही श्वास धरलेला. युर्कोसुद्धा गप्प.
बाबा बर्फात बसल्या बसल्या,
आमच्या भाषेत, अगदी अदबीनं म्हणाले,
"आम्ही दोघंही, साहेब."

खिडकी मिटली.
आणि मग आई हसली.
आधी नाकातून, मग पोटातून, मग उभं राहवेना
म्हणून तिथंच बसली, बर्फाच्या ढिगात,
दोन्ही हात बाजूला टेकून, खुर्चीत बसावं तशी.
बराच वेळ.
आम्ही कुणी तिला उठवलं नाही.